लोकसंख्या एक : फ्रान्समधील लहान गावांनी टिकावे का?

फ्रान्सच्या आग्नेय भागात, आल्प्सच्या पायथ्याच्या डोंगरांत, द्रोम जिल्ह्यात रोशफूर्शा नावाचे गाव आहे. राष्ट्रीय सांख्यिकी संस्था ‘इन्से’ दरवर्षी गावोगावची अधिकृत लोकसंख्या जाहीर करते, तीत या गावापुढे गेली अनेक वर्षे एकच आकडा येत आला आहे : १. गावाचे क्षेत्रफळ मात्र बारा चौरस किलोमीटरहून अधिक भरते. त्याला स्वतःची कचेरी आहे, निवडून आलेला मेयर आहे, वेगळे अंदाजपत्रक आहे आणि कायद्याच्या दृष्टीने ते तुलूझसारख्या महानगराइतकीच पूर्ण ‘कम्यून’, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीची स्थानिक स्वराज्य संस्था, आहे. वस्ती शंभराच्या आत असेल तर परिषदेत सात सदस्य असावेत असा नियम असल्यामुळे, येथे प्रजेपेक्षा प्रतिनिधी अधिक असा प्रकार घडतो. हे प्रतिनिधी अर्थातच गावात घर किंवा जमीन असलेले, पण एरवी दुसरीकडे राहणारे लोक असतात. फ्रेंच वृत्तपत्रांना दर काही वर्षांनी या गावाची आठवण होते, गमतीदार मथळे छापले जातात आणि त्या गमतीच्या आडून एक गंभीर प्रश्न पुढे सरकवला जातो, की अशा गावांना स्वतंत्र अस्तित्व ठेवण्याचा खर्च देशाने का करावा.

हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. फ्रान्समध्ये आज सुमारे ३५ हजार कम्यून आहेत आणि युरोपीय संघातील एकूण स्थानिक संस्थांपैकी जवळजवळ चाळीस टक्के एकट्या या देशात आहेत. त्यांतील निम्म्याहून अधिक कम्यूनची वस्ती पाचशेच्या आत आहे. पुण्यातील एखाद्या मोठ्या सोसायटीत याहून जास्त माणसे राहतात. आपल्याकडे लहान गावे आणि वाड्या एकत्र करून गट ग्रामपंचायत होते, तशी सक्ती फ्रान्समध्ये कधी झाली नाही. राज्यक्रांतीच्या पहिल्याच वर्षी, १४ डिसेंबर १७८९ च्या कायद्याने, प्रत्येक गाव-शहराला समान स्वरूपाची नगरपालिका मिळाली आणि जुन्या चर्चच्या परगण्यांच्या सीमा बहुतेक ठिकाणी तशाच कम्यूनच्या सीमा झाल्या. त्यामुळे आकारांत काही मेळ नाही. दक्षिणेतील आर्ल ही कम्यून साडेसातशे चौरस किलोमीटरहून मोठी आहे, तर जिरोंद जिल्ह्यातील कास्तेलमोरों-दाल्ब्रे साडेतीन हेक्टरांत, म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी शेतात, मावते. (फ्रेंचांनी १८८० मध्ये हीच रचना पुदुच्चेरीत आणली आणि तेथे ‘कम्यून पंचायत’ आजही नांदते, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.)

शेजाऱ्यांनी हा पसारा केव्हाच आवरला. बेल्जियमने १९७७ मध्ये २,३५९ स्थानिक संस्थांच्या ५९६ केल्या; डेन्मार्कने २००७ मध्ये २७१ च्या ९८ केल्या. फ्रान्सनेही प्रयत्न केला नाही असे नाही. गृहमंत्री रेमों मार्सेलँ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९७१ च्या कायद्याने विलीनीकरणाचा नकाशा जिल्ह्याजिल्ह्यांत तयार झाला, परंतु साडेसदतीस हजारांच्या पुढे असलेली संख्या साडेछत्तीस हजारांच्या आसपास येऊन थांबली आणि नंतर काही विलीन गावे पुन्हा वेगळीही झाली. २०१५ पासून विलीन होऊन बनणाऱ्या ‘नव्या कम्यून’ना अनुदानाचे आमिष दाखवण्यात आले, तेव्हा कोठे ही संख्या ३५ हजारांवर आली. आकड्यांवर प्रेम करणाऱ्यांना ही गती गोगलगाईची वाटते. मला मात्र असे वाटते की या वादाचा पायाच चुकीच्या मापावर उभा आहे. वस्तीची संख्या हे गावाच्या कामाचे माप धरले गेले आहे, आणि गावाच्या कामाचा मोठा भाग माणसांच्या संख्येवर अवलंबून नसतोच.

आधी ही गावे रिकामी का झाली ते पाहिले पाहिजे, कारण ‘मरणाऱ्या गावाला मरू द्या’ म्हणणारे हे मरण नैसर्गिक असल्यासारखे बोलतात. मध्य फ्रान्समधील क्रोझ जिल्ह्यात १८५१ मध्ये २ लाख ८७ हजार माणसे राहत होती. आज ती सुमारे १ लाख १५ हजार आहेत. लोझेर या डोंगराळ जिल्ह्यात त्याच वर्षी १ लाख ४४ हजारांच्या आसपास लोक होते, आज ७६-७७ हजार आहेत. क्रोझचे गवंडी पिढ्यान्‌पिढ्या दर वसंतात पायी पॅरिसला जात आणि हिवाळ्यात घरी परतत. मार्टां नादो हा पुढे संसदेत गेलेला नेता त्यांच्यापैकीच एक गवंडी होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली, पॅरिसमध्ये बारमाही बांधकाम सुरू झाले आणि हिवाळ्यातले परतणे हळूहळू थांबले. दक्षिणेत सेव्हेनच्या डोंगरांत रेशीमकिड्यांवर रोग पडला; लुई पाश्चर त्याच्या संशोधनासाठी १८६५ पासून काही हंगाम आलेसजवळ राहिले होते. त्याच काळात फायलोक्सेरा या किडीने द्राक्षमळे वाळवले. त्यानंतर पहिले महायुद्ध आले आणि सुमारे चौदा लाख फ्रेंच सैनिक मेले. आज कोणत्याही फ्रेंच खेड्यात चौकातल्या स्मारकाजवळ उभे राहिले तर १९१४ ते १९१८ या वर्षांखाली कोरलेल्या यादीत एकाच आडनावाचे दोन-तीन भाऊ सापडतात, आणि साठ माणसांच्या गावात तीस नावे दिसली तर आश्चर्य वाटू नये, कारण तेव्हा ते गाव चारशेंचे असते. १९३१ च्या जनगणनेत शहरी लोकसंख्या प्रथमच ग्रामीण लोकसंख्येपेक्षा अधिक भरली. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टरने उरलेले काम केले : १९५५ मध्ये देशात २३ लाख शेते होती, २०२० मध्ये ती ३ लाख ९० हजारांच्या आसपास उरली. राजधानीची इमारत, देशाची सीमा आणि देशाचे धान्य या तिन्हींसाठी या गावांनी माणसे दिली आहेत. आता माणसे कमी म्हणून त्यांच्याकडून हिशेब मागणे मला कृतघ्नपणाचे वाटते. पण कृतज्ञता हा प्रशासनाचा निकष होऊ शकत नाही, हे मान्य करून पुढे जाऊ.

प्रशासनाचा निकष मोजणी हा आहे, आणि मोजणीत शिरल्यावर खरी गंमत सुरू होते. २००२ च्या कायद्यानुसार २००४ पासून फ्रान्समध्ये दहा हजारांच्या आतील प्रत्येक कम्यूनची दर पाच वर्षांनी घरोघर गणना होते. दरवर्षी एकपंचमांश गावांची पाळी येते. जानेवारीच्या मध्याला गणक निघतो. हा गणक कम्यूननेच नेमलेला, बहुधा गावातलाच माणूस असतो. कोणत्या शेतघरात चूल पेटते, कोणती खिडकी फक्त ऑगस्टमध्ये उघडते, कोणती म्हातारी यंदाच्या हिवाळ्यात मुलीकडे गेली आहे, हे त्याला नकाशा न पाहता ठाऊक असते. तो घरामागे एक आणि माणसामागे एक अर्ज देतो, अलीकडे बहुतेक लोक ते ऑनलाइन भरतात, आणि चार आठवड्यांत काम संपते. साठ माणसांच्या गावात एक कुटुंब गेल्या गणनेनंतर आले की गेले यावर टक्केवारी सात-आठने हलते, आणि ती हललेली टक्केवारी वर्तमानपत्रात ‘गावाचा पुनर्जन्म’ किंवा ‘गावाचा अंत’ म्हणून छापून येते.

या गणनेतून एका गावाचे निदान तीन आकडे निघतात. नेहमी तेथे राहणाऱ्यांची ‘नगरपालिका लोकसंख्या’ हा पहिला. दुसरा आकडा ‘वेगळ्या मोजलेल्यां’चा, म्हणजे शिक्षणासाठी बाहेर राहणारी पण घर येथे असलेली पंचविशीच्या आतील मुले, किंवा दुसऱ्या गावच्या वृद्धाश्रमात दाखल झालेली पण येथे घर राखलेली माणसे. दोहोंची बेरीज ही तिसरी, ‘एकूण लोकसंख्या’. परिषदेतील सदस्यसंख्या पहिल्या आकड्यावर ठरते. सरकारी अनुदानाचा हिशेब तिसऱ्यापासून सुरू होतो आणि त्यात प्रत्येक दुय्यम घरामागे, म्हणजे सुट्टीपुरत्या उघडणाऱ्या घरामागे, एक काल्पनिक माणूस मिळवला जातो. हा झाला चौथा आकडा. मतदारयादी हा पाचवा, कारण ज्याने सलग दोन वर्षे गावात स्थानिक कर भरला आहे तो तेथे राहत नसला तरी आपले नाव शहराच्या यादीतून काढून गावच्या यादीत घालू शकतो. थोडक्यात, राज्यसंस्थेलाही आतून ठाऊक आहे की रात्री गावात झोपणाऱ्यांची संख्या म्हणजे गाव नव्हे. ती प्रत्येक कामासाठी वेगळे गाव कल्पिते. मग अस्तित्वाचा प्रश्न आला की तेवढा पहिलाच आकडा पुढे का करायचा?

या गोंधळाचे टोक म्हणजे व्हर्दँच्या रणभूमीवरील सहा कम्यून. १९१६ च्या तोफमाऱ्यात फ्लरी-दव्हाँ-दूओमोंसारखी गावे मुळासकट नष्ट झाली. जमिनीत इतके दारूगोळ्याचे विष आणि इतकी प्रेते राहिली की पुन्हा वस्ती करू दिली गेली नाही. ‘फ्रान्ससाठी मेलेली’ म्हणून ही गावे कायद्याने जिवंत ठेवली आहेत. त्यांची लोकसंख्या शून्य आहे, मतदार नाहीत, म्हणून जिल्ह्याचा प्रीफेक्ट, म्हणजे केंद्र सरकारचा जिल्ह्यातील प्रतिनिधी, तीन जणांची समिती नेमतो आणि तिचा अध्यक्ष मेयरचे काम पाहतो. तेथे स्मारक राखायचे असते, जंगलातील वाटा मोकळ्या ठेवायच्या असतात, वर्षातून एकदा वंशजांना बोलवायचे असते. शून्य वस्तीच्या गावालाही काम असते हे ज्या देशाने शंभर वर्षे मान्य केले, त्याने साठ वस्तीच्या गावाचे काम किती हे नीट मोजायला हवे.

ते काम काय असते? १९०५ च्या धर्म आणि राज्य यांच्या फारकतीनंतर तोपूर्वी बांधलेली गावोगावची चर्च कम्यूनच्या मालकीची झाली. गावात महिन्यातून एकदाही प्रार्थना होत नसेल, परिषदेतील निम्मे सदस्य पक्के नास्तिक असतील, तरी बाराव्या शतकातील घंटामनोऱ्याचे छप्पर गळू लागले की ती चिंता मेयरची. दफनभूमीचे तसेच, आणि तिची वस्ती तर कमी होत नाही. डोंगरातील रस्ता शेवटच्या शेतघरापर्यंत नऊ किलोमीटर असेल, तर त्यावर वीस माणसे जावोत की दोनशे, बर्फ तेवढाच पडतो आणि मोऱ्या तेवढ्याच तुंबतात. आगीच्या वेळी बंबाला पाणी मिळेल अशी टाकी किंवा झडप ठेवणे ही मेयरची जबाबदारी आहे, आणि वस्ती जितकी विखुरलेली तितक्या टाक्या अधिक. दक्षिणेकडील वणवाप्रवण जिल्ह्यांत घराभोवतालचे पन्नास मीटरपर्यंतचे रान साफ केलेले आहे की नाही हे पाहण्याचे कामही त्याच्याकडे आहे. तेथे तर रिकामे घर हे भरलेल्या घरापेक्षा जास्त काम लावते, कारण त्याचा मालक पॅरिसमध्ये किंवा अॅम्स्टरडॅममध्ये असतो आणि पत्राला उत्तर देत नाही. आणि हे सर्व करायला मेयरच्या हाताशी बहुधा एक सचिव असतो, जो सोमवारी या गावात, मंगळवारी पलीकडच्या गावात आणि गुरुवारी तिसऱ्याच खोऱ्यात बसतो.

आता अनुदानाचे गणित पाहा. केंद्राकडून येणाऱ्या सर्वसाधारण अनुदानाच्या मूळ हिश्श्यात पाचशेपर्यंत वस्तीच्या कम्यूनला माणशी सुमारे ६४ युरो आणि दोन लाखांवरच्या शहराला १२८ युरोंच्या पुढे, अशी चढती श्रेणी होती. २०१५ नंतर रचना बदलली तरी एकास दोन हे गुणोत्तर हिशेबात मुरून राहिले आहे. याचे समर्थन असे की शहराचे रुग्णालय, नाट्यगृह, बसस्थानक आसपासच्या गावांनाही उपयोगी पडते. ते खरेच आहे. परंतु उलट दिशेची सेवाही खरी आहे : शहराचे पिण्याचे पाणी ज्या पाणलोटातून येते तो, रविवारी शहरवासी ज्या रानवाटांवर चालतात त्या, आणि ज्या जंगलाला लागलेला वणवा शहराच्या वेशीपर्यंत येऊ शकतो ते, हे सारे कोणीतरी राखते. जमिनीच्या क्षेत्रफळासाठी मिळणारा हिस्सा त्या जुन्या सूत्रात हेक्टरमागे तीन युरोंच्या जरा पुढे आणि डोंगराळ भागात पाचांच्या जरा पुढे होता. त्यावर २०१४ ते २०१७ या काळात राज्याने आपली तूट भरून काढण्यासाठी स्थानिक संस्थांच्या अनुदानातून सुमारे ११ अब्ज युरो कमी केले. मग गाव भिकेला लागले की तेच गाव ‘आर्थिकदृष्ट्या अक्षम’ ठरते आणि विलीनीकरणाचा प्रस्ताव पुढे येतो.

विरोधी बाजूचे जे मुद्दे मला खरोखर वजनदार वाटतात, ते खर्चाचे नाहीत. पहिला लोकशाहीचा. फ्रान्सच्या सिनेटचे सदस्य मुख्यतः नगरपालिकांचे प्रतिनिधी निवडतात आणि पन्नास वस्तीच्या गावालाही एक प्रतिनिधी मिळतो. त्यामुळे वरिष्ठ सभागृहात शेताचे वजन शहरापेक्षा अधिक पडते. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला लोकप्रतिनिधींच्या ज्या पाचशे सह्या लागतात, त्यांसाठी लहान गावांच्या मेयरांच्या दारी खेटे घातले जातात, हेही काही निकोप दृश्य नव्हे. दुसरा मुद्दा माणसांचा. २०२० च्या निवडणुकीत पहिल्या फेरीला शंभराहून अधिक कम्यूनमध्ये एकही उमेदवार उभा नव्हता. त्याच निवडणुकीआधी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे सातशेहून अधिक ब्रिटिश नगरसेवकांचा पुन्हा उभे राहण्याचा हक्क गेला. पश्चिम आणि मध्य फ्रान्समधील ज्या खेड्यांत पडकी घरे विकत घेऊन हे लोक स्थायिक झाले होते, तेथे परिषदेतला उत्साही माणूस अनेकदा तोच होता. तिसरा मुद्दा शाळेचा, आणि तो सर्वांत बोचरा. देशात २०१० मध्ये ८ लाख ३३ हजारांच्या आसपास जन्म झाले, २०२४ मध्ये ६ लाख ६३ हजार. दर वसंतात कोणता वर्ग बंद होणार याची यादी निघते आणि मेयर फलक घेऊन शाळेच्या फाटकासमोर उभे राहतात. सर्व इयत्ता एकाच खोलीत बसवणाऱ्या आठ मुलांच्या शाळेचा कितीही अभिमान वाटला, तरी तीन-चार गावांनी इयत्ता वाटून घेणे मुलांच्या हिताचे असू शकते, आणि ते ज्यांनी केले त्यांना मी गावबुडवे म्हणणार नाही.

तथापि शाळा वाटून घेण्यासाठी गाव बुडवावे लागत नाही, हाच तर मुद्दा आहे. फ्रान्समध्ये कम्यूनचे संघ आहेत. २०१५ च्या कायद्याने अशा संघाला साधारणपणे पंधरा हजार वस्तीची किमान मर्यादा घातली आणि पाणी, सांडपाणी, कचरा ही कामे त्यांच्याकडे ढकलली. कचऱ्याचे ठीक आहे, त्याला गाड्या लागतात. पाण्याच्या बाबतीत मात्र डोंगरातील गावांनी दहा वर्षे झुंज दिली, कारण झऱ्याचे तोंड कोठे आहे आणि दुष्काळात कोणती झडप आधी बंद करायची हे चाळीस किलोमीटरवरच्या कार्यालयाला कळत नाही. सक्तीची मुदत आधी २०२६ पर्यंत लांबली आणि अखेर एप्रिल २०२५ मध्ये ही सक्ती ज्यांनी अजून पाणी सोपवले नव्हते त्यांच्यापुरती रद्द झाली. गावाला खरा धोका विलीनीकरणापेक्षा असे अधिकार जाऊन आतून रिकामे होण्याचा आहे : पाटी तीच राहते, मेयर तिरंगी पट्टा घालून लग्ने लावतो, पण निर्णय दुसरीकडे होतात आणि लोकांच्या शिव्या मात्र त्यालाच खाव्या लागतात. गावात एकही दुकान उरलेले नसताना ज्याचा फोन क्रमांक सर्वांकडे असतो असा हा शेवटचा सार्वजनिक माणूस. त्याचे पद काढून घेतल्याने जी बचत होईल ती फारशी नाही, कारण तो जवळजवळ फुकटच राबत असतो. आणि त्याच्या जागी पगारी कर्मचारी नेमायचा तर तो याच खर्चात मिळणार नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की वस्तीची किमान मर्यादा ठरवून कम्यून रद्द करू नयेत. ज्या गावांना एकत्र यायचे आहे त्यांनी परिषदेच्या ठरावावर न थांबता लोकांचे मत घेऊन यावे. अनुदानाचे सूत्र माणसांइतकेच जमिनीवर बेतावे. हे अशक्य नाही, कारण ग्रामीण सहाय्य निधीच्या एका भागात रस्त्यांची लांबी आजही मोजली जाते आणि डोंगरात ती दुप्पट धरली जाते. अपवादाला नियम करण्याचेच काय ते उरले आहे. सिनेटमधील असमतोल दुरुस्त करायचा असेल तर प्रतिनिधींच्या मतांना वस्तीनुसार वजन द्यावे. त्यासाठी गाव नकाशावरून पुसण्याची गरज नाही.

आणि दुय्यम घरांचा प्रश्न टाळू नये. देशात साधारण दर दहा घरांपैकी एक घर असे आहे, लोझेरसारख्या जिल्ह्यात हे प्रमाण कितीतरी अधिक आहे. मुख्य घरावरील निवासकर २०२३ मध्ये पूर्णपणे संपला, दुय्यम घरांवर तो राहिला. म्हणजे आता अनेक खेड्यांत हा कर भरणारे जवळपास सगळे बाहेरचे आणि सेवा वापरणारे मुख्यतः आतले, अशी विभागणी झाली आहे. या लोकांना सुट्टीतले पाहुणे समजायचे की विखुरलेले गावकरी? रोशफूर्शासारखे गाव चालते ते त्यांतील काहींनी मतदारयादीत नाव घालून परिषदेची कामे अंगावर घेतली म्हणून. मे २०२५ च्या कायद्याने आता हजाराच्या आतील कम्यूनमध्येही मार्च २०२६ च्या निवडणुकीपासून स्त्री-पुरुष आलटून-पालटून असलेली यादी सक्तीची केली आहे; शंभराच्या आतील गावात पाच नावांची यादीही चालते. पूर्वीसारखे मतपत्रिकेवर नको असलेले नाव खोडून दुसरे लिहिता येणार नाही. यामुळे स्त्रियांना परिषदेत हक्काची जागा मिळेल हे चांगलेच आहे, पण चाळीस माणसांच्या गावात, ज्यातील पंचवीस सत्तरीच्या पुढची आहेत, दोन याद्या उभ्या राहण्याची शक्यता कमीच. तेथे लोकशाही टिकवायची तर शहरात राहून गावाला मत देणाऱ्यांना कर भरण्यापलीकडे, त्या यादीत नाव द्यायला आणि हिवाळ्यातल्या बैठकींना यायला सांगावे लागेल.